शॉर्टफिल्मच्या हॉलमध्ये जागा असते

मागच्या अंकात जाता जाता मी एक वाक्य लिहिलं होतं, की कुठल्याही फिल्म फेस्टिव्हलला गेलात तर रोज निदान एक तरी शॉर्टफिल्मचं पॅकेज, म्हणजे एकाच खेळात लागोपाठ दाखवतात त्या शॉर्टफिल्म, पूर्ण बसून बघा. त्यावर एवढे मेल आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा पहिल्यांदाच पिफला, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलला येतोय, तीनच दिवस जमणार आहेत. मित्र म्हणतो रोज पाच पिक्चर बघायचे, तरच पैसे वसूल. तुम्ही म्हणता शॉर्टफिल्म बघ. पण शॉर्टफिल्म तर यूट्यूबवर ढिगाने पडल्यात, त्यासाठी पुण्याला यायचं का? (सातारा)

उत्तर : ये रे, नक्की ये. आधी पाचाचं सांगते. पहिल्या दिवशी पाच होतात, काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी चौथ्याला डोळे मिटायला लागतात आणि तिसऱ्या रात्री एसटीत बसलास की कुठल्या पिक्चरमध्ये काय झालं तेच आठवत नाही, एकातली आई दुसऱ्यातल्या घरात दिसायला लागते. मी पहिली काही वर्षं असंच केलंय आणि त्यातल्या कितीतरी फिल्म्सची आज डायरीत फक्त नावं उरलीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. आता मी दिवसाला फार तर तीन मोठ्या फिल्म आणि एक शॉर्टचं पॅकेज एवढंच बघते, मध्ये नीट जेवते, थोडं चालते, रांगेत शेजारी उभं असेल त्याच्याशी बघितलेल्याबद्दल बोलते.

आता यूट्यूब. फेस्टिव्हलला दाखवतात त्यातल्या बऱ्याचशा शॉर्टफिल्म तुला यूट्यूबवर मिळणारच नाहीत, निदान वर्ष-दीड वर्ष तरी नाहीत. बरेच मोठे फेस्टिव्हल फिल्म आधीच ऑनलाईन आलेली चालत नाही असं सांगतात, त्यामुळे करणारा ती जपून ठेवतो, एकेका ठिकाणी पाठवत राहतो, आणि तो फेरा संपला की काही फिल्म नेटवर येतात आणि काही हार्डडिस्कमध्येच राहतात, कायमच्या. म्हणजे तू ज्या खेळाला बसलायस तो त्या फिल्मचा पुण्यातला पहिला आणि शेवटचा खेळ असू शकतो. आणि ज्या नेटवर आहेत त्या तू फोनवर कशा बघतोस ते स्वतःलाच विचार. एखादी बाई शांतपणे तांदूळ निवडतेय, मिनिटभर काहीच होत नाही, फोनवर तुझा अंगठा पुढे सरकलाच. हॉलमध्ये अंगठ्याला काही काम नसतं. मग तू तिचे हात बघतोस, मागची भिंत बघतोस, भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने मागचं आहे हे तुला दिसतं, बाहेर कुठेतरी लाऊडस्पीकर चालू आहे हे ऐकू येतं, आणि त्या घरात काय झालं असेल ते तुला कुणी न सांगता कळायला लागतं. माझ्या मते एवढ्यासाठी साताऱ्याहून यावं.

एक व्यवहाराची गोष्ट. तुला तिकीट मिळणार नाही, डेलिगेट कार्ड मिळेल, आणि त्याला कारण आहे. फेस्टिव्हलच्या फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेटमधून सूट मिळते, पण ती नोंदणी केलेल्या प्रेक्षकांसाठीच असते, म्हणून बहुतेक ठिकाणी 18 वर्षांखाली प्रवेश नसतो. ओळखपत्र जवळ ठेव. शेड्युल हातात आलं की आधी शॉर्टफिल्म किंवा स्टुडंट फिल्म्स असं लिहिलेले खेळ पेनाने गोल कर आणि मग बाकीचं त्याच्या अवतीभवती बसव. लोक नेमकं उलटं करतात, बक्षीस मिळालेल्या मोठ्या फिल्मसाठी दीड तास रांगेत उभे राहतात, आत जागा मिळत नाही, आणि शेजारच्या हॉलमध्ये सहा शॉर्टफिल्म अकरा माणसांसमोर चालू असतात. अकरा हा आकडा मी स्वतः मोजलाय.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मागच्या वर्षी तुमच्यासारख्याच एकाच्या सांगण्यावरून शॉर्टफिल्मच्या खेळाला बसलो. आठ फिल्म सलग. एक संपते न संपते तोच दुसरी सुरू, डोकं गरगरलं. आणि शेवट तर कुठल्याच फिल्मला नव्हता! कथा सांगायची तर ती पुरी का सांगत नाहीत? (नाशिक)

उत्तर : सर, तुमची तक्रार मला मनापासून पटते, कारण आठ फिल्म सलग लावणं हा खरंच अन्याय आहे, बघणाऱ्यावर आणि फिल्मवरही. चांगल्या ठिकाणी दोन फिल्मच्या मध्ये पाच-सात सेकंदांचा काळा पडदा तरी ठेवतात, काही ठिकाणी दिवे थोडे वर आणतात, टाळ्या वाजवायला वेळ देतात. जिथे हे करत नाहीत तिथे आपणच करायचं. मी मांडीवर छोटी वही ठेवते आणि फिल्म संपल्यावर अंधारातच एक ओळ लिहिते. मत लिहीत नाही, चांगली होती की वाईट ते रात्री ठरतं. दिसलेलं लिहिते. ‘मुलगा चप्पल हातात घेऊन पळतो.’ ‘आजी फोन उलटा धरते.’ एवढंच. घरी आल्यावर त्या एका ओळीवरून अख्खी फिल्म परत उभी राहते आणि सातवी फिल्म तिसरीवर सांडत नाही. श्रेयनामावली चालू असते तेवढा वेळ ही ओळ लिहायला पुरतो.

आता शेवटाचं. तुम्हाला एक उदाहरण देते. इराणचे दिग्दर्शक अब्बास कियारोस्तमी जगाला माहीत झाले ते मोठ्या फिल्म्समुळे, पण त्यांची पहिली फिल्म, 1970 ची ‘ब्रेड अँड अ‍ॅली’, जेमतेम दहा-अकरा मिनिटांची आहे. तेहरानमध्ये मुलांसाठी काम करणारी ‘कानून’ म्हणून एक संस्था होती, तिच्यासाठी त्यांनी ती केली. एक लहान मुलगा भाकरी घेऊन घरी निघालाय, गल्लीत कुत्रा आडवा येतो, भुंकतो, मुलगा घाबरून मागे सरतो. कुणी मोठं माणूस आलं तर त्याच्या मागोमाग जाऊ म्हणून वाट बघत राहतो, ते काही जमत नाही. शेवटी भाकरीचा तुकडा मोडून टाकतो, कुत्रा खातो आणि शेपूट हलवत त्याच्याबरोबर चालायला लागतो. मुलगा घरात जातो, दार लागतं.

इथे संपायला हरकत नव्हती, गोष्ट पुरी झाली होती, तुम्ही वर्गात सांगितली असतीत तर तात्पर्यही निघालं असतं. पण फिल्म संपत नाही. कुत्रा त्या दारापाशीच बसतो आणि गल्लीतून हातात भांडं घेतलेला दुसरा एक मुलगा येतो, आणि कुत्रा त्याच्यावर धावून जातो. आता या मुलाकडे भाकरी नाहीये. पहिल्याचा प्रश्न सुटला, आणि सुटला म्हणूनच तो दुसऱ्याच्या वाटेत येऊन बसला. ही गोष्ट दोन तासांत सांगायला गेलं तर त्या दुसऱ्या मुलाचं पुढे काय झालं ते दाखवावं लागेल आणि सगळी मजा जाईल. शॉर्टफिल्मवाला नेमका तिथे आपल्याला सोडतो जिथे आपण विचार करायला लागलेलो असतो. पुढचं चहा पिताना आपल्या डोक्यात चालू राहतं, आणि तसं राहिलं तर मी ती फिल्म पुरी झाली असं मानते.

अर्थात सगळ्याच फिल्म अशा नसतात, हेही खरंच सांगते. काहींना शेवट नसतो कारण करणाऱ्याला तो सुचलेलाच नसतो. एखादं पात्र समुद्राकडे बघत उभं राहिलं आणि पडदा काळा झाला की मलाही वाटतं, अरे, हे काय. ओळखायचं कसं? मी असं बघते की शेवटची चौकट डोळ्यांसमोर आणली की सुरुवातीचं काही बदलतं का. कुत्र्याच्या गोष्टीत बदलतं, पहिल्या मुलाची हुशारी थोडी वेगळी दिसायला लागते. जिथे काहीच बदलत नाही तिथे फिल्म अर्धवटच आहे असं खुशाल म्हणा. आठात दोन फिल्म मनात राहिल्या तरी मी तो दिवस चांगला गेला असं समजते.

आणि सर, मधूनच उठावंसं वाटलं तर उठा, पण दोन फिल्मच्या मध्ये उठा. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये एक माणूस पडद्यासमोरून गेला की त्या फिल्मचा केवढा तरी भाग गेला.

प्रश्न : मला इंग्रजी वाचता येतं पण वेग नाही. खालची सबटायटल्स वाचेपर्यंत निघून जातात आणि वरचं चित्र बघायचं राहतं. मुलगा म्हणतो तुला नाही झेपायचं. (इचलकरंजी)

उत्तर : झेपतं हो. माझी मावशी सातवी शिकलेली, ती माझ्याबरोबर तीन वर्षं फेस्टिव्हलला आली. पहिल्या दिवशी मी तिला अ‍ॅनिमेशनच्या पॅकेजला बसवलं, कारण त्यात कितीतरी फिल्मना बोलणंच नसतं. दुसऱ्या दिवशी कमी संवादाच्या शॉर्ट बघितल्या, आणि तिसऱ्या दिवशी तिनेच कुठल्यातरी थंडगार गावातली एक फिल्म मला समजावून सांगितली, सबटायटल अर्धी सोडून दिली होती तिने, चेहरे बघत होती. फार पुढे बसू नका, मान वर-खाली होते आणि वाचायला उशीर होतो. हॉलच्या मध्यापासून थोडं मागे बसलं की चित्र आणि अक्षरं एका नजरेत येतात. प्रत्येक ओळ वाचलीच पाहिजे असं काही नाही. मुलालाही घेऊन या.

प्रश्न : फक्त शॉर्टफिल्म आणि डॉक्युमेंटरीचेच असे फेस्टिव्हल आहेत का? मी सध्या जर्मनीत ड्युसेलडॉर्फला नोकरीला आहे, सुट्टीत मुंबईला असतो. (ड्युसेलडॉर्फ)

उत्तर : अहो, तुम्ही तर खजिन्याशेजारी राहताय! तुमच्याकडून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर ओबरहाउझेन आहे, कोळशाच्या पट्ट्यातलं औद्योगिक गाव, आणि तिथला शॉर्टफिल्म फेस्टिव्हल 1954 पासून चालू आहे. साधारण एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला असतो. 1962 मध्ये याच फेस्टिव्हलमध्ये 26 तरुण जर्मन फिल्मवाल्यांनी एक जाहीरनामा वाचला, जुना सिनेमा मेलाय, आमचा नव्यावर विश्वास आहे, अशा अर्थाचा. सही करणाऱ्यांत अलेक्झांडर क्लूगे होते, एडगर राइट्झ होते. आधी बऱ्याचशा शॉर्टफिल्मच केलेली ही पोरं होती, त्याच जोरावर त्यांनी मोठ्या फिल्म करायचा हक्क मागितला आणि पुढे जो नवा जर्मन सिनेमा म्हणून जगभर गाजला त्याची सुरुवात तिथे धरतात. यंदा जाच, आणि मला लिहा. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँचा आहे, थंडीत असतो, शॉर्टफिल्मच्या जगातली ती सर्वांत मोठी जत्रा.

मुंबईत मिफ आहे, डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि अ‍ॅनिमेशनचा. 1990 ला सुरू झाला, दोन वर्षांतून एकदा असतो, तेव्हा सुट्टी बघून घ्या. पेडर रोडवरच्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात त्याचं घर आहे, तिथेच गुलशन महालात सिनेमाचं म्युझियम आहे तेही बघून होईल. तिरुअनंतपुरमला केरळ चलच्चित्र अकादमी डॉक्युमेंटरी आणि शॉर्टचा वेगळा फेस्टिव्हल भरवते. बंगळुरूचा शॉर्टफिल्म फेस्टिव्हलही आहे, तिथे ठरावीक स्पर्धा जिंकलेली फिल्म ऑस्करच्या शर्यतीत उतरू शकते. ऑस्करवाले श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतच्या फिल्मला शॉर्ट म्हणतात. आणि स्वतंत्र सिनेमाच मनापासून बघायचा असेल तर धरमशालेचा, 2012 पासून मॅक्लोडगंजला भरतो, नोव्हेंबरात, स्वेटर घालून बघायचा फेस्टिव्हल.

प्रश्न : फिल्मनंतर दिग्दर्शक समोर असतात तेव्हा विचारावंसं वाटतं पण धाडस होत नाही. आपला प्रश्न बावळट ठरला तर? (नागपूर)

उत्तर : बावळट प्रश्न मी आजवर ऐकला नाही, लांबलेली भाषणं मात्र पुष्कळ ऐकलीत. माइक हातात आला की काही मंडळी स्वतःचा जागतिक सिनेमाचा अभ्यास सांगायला लागतात आणि दहा मिनिटांच्या चर्चेतली सात मिनिटं जातात. तुम्ही दिसलेल्या एका गोष्टीबद्दल विचारा. ती खिडकी उघडी का ठेवली? त्या आजी खऱ्या गावातल्या की नट? अशा प्रश्नाने दिग्दर्शकाचा चेहरा उजळतो, कारण त्या खिडकीवर त्याने आठवडाभर डोकं खाजवलेलं असतं.

आणि माइकची भीती वाटत असेल तर बाहेर या. मोठ्या फिल्मच्या दिग्दर्शकाला गराडा पडतो, शॉर्टफिल्मचा दिग्दर्शक हॉलच्या दाराशी एकटा उभा असतो, कार्ड गळ्यात, कुणी काही म्हणेल का म्हणून बघत. त्याच्याशी बोला हो. नागराज मंजुळेंची ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म आधी, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘फँड्री’ त्याच्यानंतर 2013 ला. पायल कपाडियांची एफटीआयआयमधली, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली छोटी फिल्म 2017 ला फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलच्या विद्यार्थी विभागात होती आणि सात वर्षांनी, 2024 मध्ये त्याच कानला त्यांनी ग्राँ प्री हे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस घेतलं. रोहन कानवडे तर फिल्म स्कूललाही गेलेले नाहीत, इंटिरियर डिझाइनचं काम करत शॉर्टफिल्म करत राहिले आणि 2025 ला त्यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी फिल्मला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलचं वर्ल्ड सिनेमाचं सर्वांत मोठं बक्षीस मिळालं. यांच्या शॉर्टफिल्म सुरुवातीला कुठल्यातरी हॉलमध्ये थोड्याशा लोकांनीच बघितल्या असतील ना. त्या थोड्यांमध्ये आपण असावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : मी एक 14 मिनिटांची फिल्म केलीय. ऑनलाईन पाठवली आणि चार महिन्यांत नऊ अ‍ॅवॉर्ड मिळाले, पण अजून एकाही हॉलमध्ये ती लागलेली मी बघितली नाही. फीमध्ये बरेच पैसे गेले. पुढे काय करू? (पुणे)

उत्तर : मित्रा, थांब आधी. दर महिन्याला बक्षीस देणारे, फी घेणारे आणि एकही खेळ न लावणारे असे खूप ‘फेस्टिव्हल’ निघालेत, बक्षिसाची खूण म्हणून पोस्टरवर लावायला पानांची चक्रं देतात आणि ट्रॉफी हवी असेल तर तिचे वेगळे पैसे मागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे असेच बरेच पैसे गेले, फिल्म सुंदर होती. फिल्मफ्रीवेवर, म्हणजे फेस्टिव्हलना फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर, कुठलाही फेस्टिव्हल निवडताना तीनच गोष्टी बघ: खेळ खऱ्या हॉलमध्ये होतो का, मागच्या वर्षीचं पूर्ण शेड्युल सापडतं का, आणि तिथे फिल्म लागलेल्या एखाद्या माणसाशी तुला बोलता येतंय का. तिन्ही नसेल तर फी भरू नकोस.

आणि तू पुण्यात आहेस! दिग्दर्शक उमेश कुलकर्णींच्या आरभाट या संस्थेने इथे शॉर्टफिल्मसाठी केवढं काम केलंय, आशय फिल्म क्लब आहे, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे. तिथल्या खेळांना जाऊन बस, दुसऱ्यांच्या फिल्म बघ, माणसं ओळखीची कर. स्वतःची फिल्म अनोळखी पन्नास माणसांबरोबर एकदा बघितलीस की कुठे खोकले येतात, कुठे खुर्च्या वाजतात ते ऐकू येईल. नऊ सर्टिफिकेटांनी ते सांगितलेलं नाही.

प्रश्न : आमच्याकडे ना फेस्टिव्हल ना मल्टिप्लेक्स. मी शाळेत शिक्षिका आहे, मुंबई-पुण्याला येणं घरच्यांमुळे जमत नाही. आम्ही काय बघायचं मग? (उदगीर)

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्याकडे हॉल आहे, शाळेचा. प्रोजेक्टरही असेल, हल्ली बहुतेक शाळांत असतो. खिडक्यांना जाड चादरी लावा, दोन बरे स्पीकर कुणाकडून तरी आणा आणि महिन्याच्या एका शनिवारी संध्याकाळी चार शॉर्टफिल्म लावा, मोठ्यांसाठी, एकूण तासाभराच्या. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी 1947 ला कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली ती काही राजवाड्यात काढली नव्हती, चांगलं बघायचंय आणि इथे दाखवत नाहीत, एवढीच त्यांची अडचण होती, तुमच्यासारखीच. पुढे 1959 ला देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं, ते आजही आहे, नवी सोसायटी काढायला मदत करतं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ 1968 पासून याच धाग्यातलं.

फिल्म कुठून आणायच्या? करणाऱ्यांना सरळ मेल करा. शॉर्टफिल्मवाल्याला कुणी उदगीरहून लिहितंय की आमच्या गावातल्या चाळीस माणसांना तुमची फिल्म दाखवायचीय, तर तो बहुतेक वेळा हो म्हणतो, लिंक पाठवतो, एखादा स्वतः येतो. परवानगी लेखी घ्या आणि जमलं तर थोडं मानधन द्या, डबा फिरवून जमेल तेवढं. पहिल्या वेळी मराठी फिल्म ठेवा, एखादी बोलणं नसलेली ठेवा, सगळ्यांत लांब शेवटी. प्रत्येक फिल्मनंतर दिवा लावा आणि कुणाला काय दिसलं ते विचारा.

मराठीतल्या निवडक शॉर्टफिल्म करणाऱ्यांची यादी मी तुम्हाला मेलवर वेगळी पाठवतेय, त्यातल्या चौघांशी बोलूनही ठेवलंय. तारीख ठरली की कळवा. लातूरपर्यंत रेल्वेने येईन, पुढे एसटी आहेच.